बोलला की कप धुवायचे

गळीत हंगामात कारखान्याच्या गेटवर उसाच्या ट्रॉल्या साचतात, तसे माझ्याकडे किस्से साचलेत. काट्यावर कुणी घेतच नाही! आयुष्य पेपरात काढलं. कोण कुणाला भेटला, कोण कुणावर रुसला, कोण रुसल्याचं दाखवून आतून भेटला, सगळं छापून आणलं. त्यातली एक ओळ आज कुणाला आठवत नाही. मलाही नाही. आठवतं ते मालनबाईंच्या बाकावरचं. आणि ते छापा म्हटलं की आमचे संपादक विचारतात, "यात बातमी काय आहे?"

तुम्हीच ऐका आणि सांगा.

* * *

भीमेच्या पुलाला लागून मालनबाईंची चहाची टपरी आहे. पुलाच्या अलीकडे दौंड तालुका, पलीकडे शिरूर. टपरीपुढे लाकडी बाक. बाकावरचे कायमचे आम्ही चौघे. मी, उसाचे बागायतदार सर्जेराव आबा, कुरकुंभच्या केमिकल कंपनीत शिफ्ट करणारा सचिन आणि भानुदास आप्पा. आप्पांच्या आजोबांनी मेंढरं राखली. आप्पांकडे आता आबांएवढाच ऊस आहे.

आबा आणि आप्पा शाळेपासूनचे दोस्त. दोघांच्या जमिनींचा बांध एक, तरी बांधावरून भांडण नाही. यावरून दोस्ती ओळखा!

मग गावच्या सोसायटीची निवडणूक लागली. दोघं समोरासमोरच्या पॅनेलमधून उभे राहिले. आबा आले, आप्पा पडले. निकालाच्या दुसऱ्या दिवशी बाकावर एकमेकांचे बाप निघाले आणि मालनबाईंचा भरलेला ट्रे खाली गेला.

मालनबाईंनी कपांचे तुकडे सुपात भरले आणि उभ्या उभ्या कायदा केला. "आजपासनं हितं जो कुणी राजकारण बोलंल, त्यानं समद्यांचं कप धुवायचं. नळ तिकडं हाय."

गावात दोघांचा अबोला झाला. समोरून एक आला की दुसरा गल्ली बदलायचा. एकमेकांच्या घरचं हळदीकुंकूसुद्धा बंद झालं. पण सकाळचा चहा दोघांनाही सुटेना. आणि बाकावर बसलं की राजकारण सोडून बाकी सगळं बोलायला मोकळीक! उठले की पुन्हा अनोळखी. साऱ्या पंचक्रोशीत तेवढं एक लाकूड उरलं होतं, जिथं सर्ज्या आणि भान्या एकमेकांशी बोलत होते.

* * *

कायद्याचा पहिला बळी मी. बसल्या बसल्या विचारलं, "काय मग, काय विशेष?"

"कप घ्या," मालनबाई म्हणाल्या.

"अहो, मी राजकारण कुठं बोललो?"

"तुमी पत्रकार. तुमचं काय विशेष म्हंजी तेच."

मी भडकलो. भल्याभल्या मंत्र्यांना मी भर पत्रकार परिषदेत घाम फोडलाय! उभा राहिलो आणि घटनेनं दिलेलं भाषणस्वातंत्र्य कलमासकट ऐकवलं. आणीबाणी काढली. पुलावरचे मोटारसायकलवाले थांबून ऐकायला लागले. एकानं टाळीही वाजवली.

मालनबाईंनी शेवटपर्यंत ऐकून घेतलं. मध्ये दूध उतू जाऊ दिलं नाही, एवढंच.

"बोला की," त्या म्हणाल्या. "कोन नको म्हनतंय? नळ तिकडं हाय."

स्वातंत्र्याची इतकी सुटसुटीत व्याख्या मला कुठल्याही वकिलानं सांगितलेली नाही. मी कप धुतले. भाषण वेगळं धरलं म्हणून पातेलंही घासलं.

* * *

खरी पंचाईत पुढेच झाली. आबा म्हणाले, "यंदा ऊस कवा तुटतोय देव जाणे."

आप्पा लगेच, "राजकारण! कुणाचा ऊस आधी तोडायचा ह्ये कोन ठरवतंय?"

आबांनी कप धुतले. दुसऱ्या दिवशी आप्पा म्हणाले, "कालव्याला पाणी न्हाई अजून."

"राजकारण!" आबा ओरडले. आप्पांनी कप धुतले.

दुधाचा भाव काढला, राजकारण. विजेचं वेळापत्रक, राजकारण. पुलावरचा खड्डा तर शुद्ध राजकारण! सचिन म्हणाला, "आमच्या कंपनीत भरती निघालीय," आणि कुणी काही बोलायच्या आत स्वतःच नळाकडे गेला.

नंतर दोन-तीन सकाळी आम्ही नुसते बसून होतो. कुणाला विषयच सुचेना. मी विचारतो, काय ठेवलंय या लोकांनी आपल्याला बोलायला? ऊस त्यांचा, पाणी त्यांचं, रस्ता त्यांचा, देवळाचा सभामंडप त्यांच्या नावाचा! माणसानं तोंड उघडलं की त्यांच्याच शेतात पाय पडतो.

शेवटी सचिन म्हणाला, "आमची मांजर टीव्हीवर बसती."

आम्ही सगळे त्याच्याकडे वळलो.

"आता टीव्ही एवढा पातळ झालाय," आप्पा म्हणाले, "तर बसती कशी?"

त्या दिवशी आबांना घरून दोनदा फोन आला. दोन्ही वेळा त्यांनी सांगितलं, "थांब जरा, महत्त्वाचं चाललंय."

* * *

आता माझ्या धंद्याचा किस्सा. सांगताना अजून माझं रक्त तापतं.

आप्पांच्या शेळीचं पोट फुगलं होतं. त्यांनी मोबाईलवर शेळीचा व्हिडिओ काढून आणला. ऊन होतं, स्क्रीन दिसेना, म्हणून आबा आणि आप्पा दोघांनी एकाच टॉवेलखाली डोकी घातली.

"गोडं तेल पाज," टॉवेलमधून आबांचा आवाज.

"माझ्या आज्यानं हजार मेंढरं राखली, सर्ज्या! आन् तू मला शेळी शिकवतो?"

"मग आज्यालाच इचार की. मला कशाला इडिओ दावतो?"

तेवढ्यात मोबाईलवर न्यूज चॅनेल चालवणारे एक गृहस्थ पुलावरून चालले होते. त्यांनी फोटो काढला. दुपारपर्यंत गावभर फिरला: 'दोन कट्टर विरोधकांची एकाच टॉवेलखाली गुप्त खलबतं! सोसायटीत भूकंप?'

संध्याकाळी आबांच्या गटाच्या साहेबांचा आबांना फोन. "काय शिजतंय, आबा?"

"साहेब, शेळीचं बोलत हुतो."

साहेब खालच्या आवाजात, "शेळी म्हंजे कोण? नाव घ्या. फोनवर नको असेल तर मी गाडी पाठवतो."

तिकडे आप्पांच्या गटानं आप्पांना रात्रीच्या बैठकीला बोलावलंच नाही. आमच्याकडे हे असं आहे. वेगळ्या पार्टीच्या माणसाबरोबर हसताना दिसला की तो फुटला. फुटला नसेल तर फुटणार आहे. फुटणार नसेल तर हसला कशाला?

मी त्या न्यूजवाल्याला फोन करून झाडला. म्हटलं, शेळी आजारी होती, खुलासा टाका! माणूस तत्पर. दहा मिनिटांत टाकला: 'गुप्त बैठकीत शेळीवर सविस्तर चर्चा. सूत्रांची माहिती.'

सूत्र म्हणजे मी!

शेळी गोड्या तेलानं बरी झाली. आप्पांनी आबांना ते कधीच सांगितलं नाही.

* * *

एकदा एक उमेदवार हात जोडत टपरीवर आला. मागे दहा-बारा माणसं, गळ्यात उपरणी.

"मग, यंदा कुणाला?" त्यानं हसत विचारलं.

कुणी बोलेना. बोललं की दहा-बारा कप वाढीव! आबा नदीकडे बघायला लागले. आप्पा बिस्किटाची नक्षी बघायला लागले. मी, ज्यानं अशा लोकांना उभं-आडवं सोललंय, तोही चहात फुंकर घालत राहिलो.

सचिनला मात्र माणूस अवघडलेला बघवत नाही. तो म्हणाला, "दादा, चालताना पाय वढताय. गुडगा का?"

उमेदवार थबकला. मग बाकावर टेकला. "डावा," म्हणाला. "जिना उतरताना."

अर्धा तास त्यानं गुडघ्याचं सांगितलं. घरच्या मंडळींच्या सांगण्यावरून मेथ्या खाल्ल्या, त्यानं पोट कसं बिघडलं तेही सांगितलं. आप्पांनी पाल्याचा लेप सांगितला. माणसं मागे घड्याळं बघत उभी. शेवटी उठला, सगळ्यांना नमस्कार केला आणि मत मागायचं विसरून निघून गेला.

निकालात पडला. दुसऱ्या दिवशी सकाळी एकटाच आला, बाकाच्या कडेला बसला. आम्ही कुणी काही विचारलं नाही. मालनबाईंनी चहा दिला.

थोड्या वेळानं तो म्हणाला, "लेपानं फरक हाय."

* * *

आबांच्या वैशालीचं लग्न ठरलं.

या पोरीला पोहायला आप्पांनी शिकवलं होतं, पाठीला रिकामा डबा बांधून, आबांच्या विहिरीत. आबा स्वतः काठावर डोळे मिटून बसायचे. अशा माणसाला पत्रिका द्यायची तर घरी जायला हवं. पण घरी गेलं की गावात बोंब, आबा आप्पांच्या पाया पडायला गेला!

आबा पत्रिकांची पिशवी घेऊन बाकावर आले. बसले. पिशवी मांडीवर. आप्पांनी पिशवीकडे बघितलं नाही. सचिननं मांजरीचा विषय काढून पाहिला, चालला नाही.

अडचण कळली का? आमच्याकडच्या पत्रिकेत नवरा-नवरी असतात एका कोपऱ्यात. बाकी सगळे साहेब, दादा, चेअरमन, संचालक, माजी संचालक, भावी संचालक! पत्रिका पुढे करणं म्हणजे आबांच्या गटाची अख्खी यादी आप्पांच्या हातात ठेवणं.

आबा उठले. सगळ्यांचे उष्टे कप गोळा केले. माझा चहा अर्धा राहिला होता, तोही नेला. नळावर एकेक कप धुतला, पालथा घातला. धोतराला हात पुसले. मग पिशवीतून पत्रिका काढून आप्पांच्या पुढ्यात धरली.

"भान्या, पोरीचं लगीन हाय."

आप्पांनी पत्रिका घेतली. बराच वेळ त्या कोपऱ्यातलं तेवढंच वाचत बसले.

"फेटा बांधत्याल मला तिथं," आप्पा म्हणाले. "फोटू काढत्याल. मग मला माझ्या लोकांत तोंड न्हाई."

"न्हाई बांधू देनार."

"तुझ्या हातात हाय व्हय ते?"

आप्पांनी पत्रिका खिशात ठेवली आणि येतो म्हणाले नाहीत, येत नाही म्हणाले नाहीत.

* * *

लग्न पाटस रोडच्या मंगल कार्यालयात होतं. दुपारचा मुहूर्त. मालनबाईंनी टपरी बंद ठेवली होती. बायकांच्या बाजूला पहिल्या रांगेत जरीचं लुगडं नेसून बसल्या होत्या. सचिन आणि मी मागे. आप्पा दिसत नव्हते. आबा फेटा सावरत दर दोन मिनिटांनी दाराकडे बघत होते. लोकांना वाटलं, साहेबांची वाट बघतायत.

साहेबांचीही वाट बघणं चाललंच होतं. तेच, शेळीचं नाव विचारणारे. मुहूर्त आला आणि गेला. माईकवाला येणाऱ्या-जाणाऱ्यांचं स्वागत करत होता. एका माणसाचं दोनदा केलं, तो पाणी प्यायला बाहेर गेला होता. नवरा-नवरी हार घेऊन उभे. अंतरपाट धरणाऱ्यांचे हात भरून आले. माझ्या मुठीतल्या अक्षता घामानं भिजल्या. गुरुजी आबांकडे बघत, आबा जमिनीकडे. मुलीचा बाप काय बोलणार? सोसायटीतली खुर्ची साहेबांनीच दिलेली!

तेवढ्यात मागच्या दारानं आप्पा आले. साधी टोपी, इस्त्रीचा शर्ट. शेवटच्या रांगेत खांबाआड बसले. स्टेजवरून वैशालीनं बघितलं. आबांनी बघितलं. दोघांनीही दुसरीकडे बघितलं.

आणि साहेब आले. तुतारी वाजली. साहेब थेट माईकवर. नवरा-नवरीला दोन वाक्यं, मग कारखाना, मग पाण्याचं आवर्तन, मग विरोधकांनी काय काय केलं नाही. बोलता बोलता त्यांची नजर खांबाआड गेली. अनुभवी नजर.

"आणि आज आनंदाची गोष्ट म्हंजे, आप्पासुद्धा आपल्यात आलेत! वाजवा टाळ्या! अरे, फेटा आणा तो! आप्पा, या पुढं!"

टाळ्या वाजल्या. सगळे मोबाईल वर झाले. एक कार्यकर्ता गुलाबी फेटा घेऊन खाली धावला.

आप्पा उठले. कुणाकडे न बघता दाराकडे चालायला लागले. दारापाशी वाकून चपला शोधायला लागले. मला त्यांची पाठच दिसत होती. म्हटलं, संपलं. उद्या बाकावर एकच जण येणार. कदाचित एकही नाही.

स्टेजवर आबा पुढे झाले. साहेबांच्या हातातला माईक त्यांनी धरला. ओढला नाही, नुसता धरला.

"साहेब," आबा म्हणाले, "आता तुमाला कप धुवावं लागत्याल."

हॉल गार. फेटेवाला जिथं होता तिथं थांबला. दारापाशी वाकलेले आप्पा तसेच वाकलेले राहिले. मग त्यांनी पायात घातलेली एक चप्पल काढली.

साहेबांनी हसून बघितलं. कुणी हसलं नाही. "कप?" ते म्हणाले. "कसले कप, आबा?"

बायकांच्या बाजूनं, पहिल्या रांगेतून, मालनबाई उठून उभ्या राहिल्या. पदर खोचला. आचाऱ्याच्या मंडपाकडे हात केला.

"नळ तिकडं हाय!"