किल्लीमामांचं बिनघराचं दार

आमच्या गल्लीतल्या प्रत्येक घराची एकेक जादा किल्ली किल्लीमामांनी डब्यात जपून ठेवली आहे, ही बातमी माझ्यापर्यंत तिसऱ्या मजल्यावरून आली. तळमजल्यापर्यंत मी पोचवली, इतकंच.

खरं असं, की डब्यात किल्ल्या आहेत, पण सगळ्या बिघडलेल्या. कपाटाएवढ्या दुकानात बसून मामा जन्मभर किल्ल्या कापत आले. कानस जरा जास्त फिरली की किल्ली वाया. मग गिऱ्हाइकाला दुसरी करून द्यायची, पहिली डब्यात टाकायची. किल्ली कुठल्या दाराची हे विचारायचं नाही, हा त्यांचा नेम. मामी म्हणायच्या, "भंगारात घाला एकदाच्या!" मामा म्हणायचे, "माझ्या हातून बिघडल्यात, त्यांची सोय मीच लावणार."

ती सोय एका रविवारी भर रस्त्यात उभी राहिली. पालिकेकडून संध्याकाळपर्यंतची परवानगी काढून मामांनी चौकात एक दार उभं केलं. नुसतं दार; मागे ना भिंत, ना घर. वरपासून खालपर्यंत कुलपंच कुलपं, आणि प्रत्येकाचं पोट उघडून मामांनी ते एकेका बिघडलेल्या किल्लीशी जुळवलेलं. बरोबर किल्ली फिरली की घंटी वाजणार. शेजारी तो डबा. ज्याला हवी त्याने किल्ली उचलावी आणि तिचं कुलूप शोधावं.

डबा दिसला आणि गल्लीला ती जादा किल्ल्यांची बातमी आठवली. आमच्या इमारतीचे सेक्रेटरी, ज्यांना दूधवाल्याच्या सायकलचाही संशय येतो, ते पुढे सरसावले.

"यात आमच्या दाराची किल्ली नाही कशावरून?"

"घरी जाऊन लावून बघा की."

"आणि लागली तर?"

"तर आजच शटर पाडतो. पुन्हा उघडणार नाही."

मामी मटकन स्टुलावर बसल्या. चूल त्या शटरवरच पेटत होती.

मग काय, अख्खी गल्ली मुठी भरभरून किल्ल्या घेऊन घराकडे पळाली. जिन्याजिन्यात खाटखूट. मीही दोन लावून पाहिल्या. शेजारधर्म म्हणून, शेजाऱ्यांच्या दाराला.

एकही लागली नाही. मंडळी खालमानेने परतली. डब्यात टाकता टाकता चौथ्या मजल्यावरच्या आजींनी आपली किल्ली सहज दारावरच्या एका कुलपात फिरवली, आणि घंटी वाजली! आजी अशा दचकल्या, की हसून हसून खोकला लागला त्यांना. मग जी झुंबड उडाली, ती आजींनाच मागे ढकलू लागली. मामींनी स्टूल सोडलं.

सेक्रेटरी तेवढे हाताची घडी घालून बाजूला उभे. "घरी लागत नाही, इथे बरी लागते! काहीतरी काळंबेरं आहे. मी इथून हलणार नाही. नजर ठेवणार."

मामांनी सेक्रेटरींच्या तळमजल्यावरच्या घराकडे बोट केलं. दार सताड उघडं होतं आणि कुलपात घरचा अख्खा जुडगा लोंबत होता.

"साहेब," मामा म्हणाले, "माझ्यावर सावकाश नजर ठेवा. आधी तुमचं दार लावून या."