टोकनमावशी आणि हुशार बोर्ड

आमच्या घरातली सकाळ ह्यांच्या शिंकांनी सुरू होते. खरं तर मी त्याच्या तासभर आधी उठलेली असते. दूध तापवून होतं, डबे भरून होतात, पण त्याची कुणाला गंधवार्ता नसते. मग हे उठतात, ओळीने नऊ शिंका देतात, आणि लेकीच्या खोलीत दिवा लागतो, वरच्या मजल्यावरचा कुत्रा भुंकायला लागतो, नळ वाहू लागतात. त्या गुरुवारी सातवी शिंक झाली आणि दारावर काठीचे तीन ठोके पडले.

दारात शेजारच्या टोकनमावशी. केस व्यवस्थित विंचरलेले, पायात मोजे, आणि चेहरा मात्र तक्रार घेऊन आलेल्या गिऱ्हाइकासारखा.

"मावशी, एवढ्या सकाळी? काही झालं का?"

"झालं काही नाही. होऊ नये म्हणून आलेय. चहा तयार असला तर अर्धा कप दे. करावा लागणार असला, तर पूर्ण कप कर."

टोकनमावशी हे नाव त्यांना आम्ही दिलेलं नाही, त्या ते सोबत घेऊनच आल्या. बस स्थानकासमोर एका तळघरात गेम पार्लर होतं. तिथे त्या चौतीस वर्षं काउंटरवर बसून टोकनं देत. सकाळी शटर उघडणं, सव्वीस मशीनं पुसणं आणि सुरू करणं हेही त्यांचंच काम. पहिल्या दिवशी उत्साहात त्यांनी सगळी बटणं एकदम दाबली आणि तळघरच काय, वरचं चपलांचं दुकानही अंधारात गेलं. मालक रागावले नाहीत. म्हणाले, "बाई, ह्यांना जरा रांगेनं उठवा." तेव्हापासून आधी पंखे, मग मशीनचे पडदे, मग आवाज, आणि सगळ्यांत शेवटी प्रत्येक मशीनच्या डोक्यावरची नावाची पाटी, असा क्रम ठरला. पाट्यांच्या त्या प्रकाशात तळघर कसं दिसायचं हे सांगताना त्या अजून हातातला कप खाली ठेवतात.

पार्लर बंद झालं तेव्हा मालकांनी त्यांना घरी न्यायला एक मशीन निवडायला सांगितलं. मावशींनी होडीचं निवडलं. मगरी चुकवत होडी पैलतीराला न्यायची. मशीनच्या पोटातलं जुनं सगळं केव्हाच जळून गेलं होतं, म्हणून त्यांच्या मुलाने त्यात वहीएवढा छोटा संगणक बसवला. घरातले सगळे बाहेर पडले की मावशी चाळीस मिनिटं होडी चालवायच्या. खुब्याच्या शस्त्रक्रियेनंतर डॉक्टरांनी रोज पंधरा मिनिटं उभं राहायला सांगितलं, तेव्हा मावशी म्हणाल्या होत्या, "पंधरा मिनिटांत माझी दुसरी नदीसुद्धा होत नाही."

अडचण उभं राहण्याची नव्हती, वाकण्याची होती. संगणकाचं बटण पुढे होतं, पण पडदा, आवाजाचा डबा, पंखा आणि पाटी, या चारही गोष्टींची बटणं मशीनच्या मागे, जमिनीलगत. गेल्या आठवड्यात मावशी तिथे वाकल्या, बसल्या, आणि त्यांना उठताच येईना. सून नर्स आहे. ती ड्यूटीवरून आली तेव्हा सासूबाई दीड तास मशीन आणि भिंत यांच्यामध्ये बसून होत्या.

"गाणी म्हणत होते," मावशी म्हणाल्या. "वेळ बरा गेला. पण सूनबाईचं डोकं फिरलं. मुलांच्या वाचनालयाला फोन केलाय तिने. रविवारी मशीन घेऊन जाणार."

"अगदी ठरलंच?"

"एक अट ठेवलीय. रविवारच्या आत, न वाकता सगळं सुरू करून दाखवायचं. तू शास्त्राची पदवीधर. काढ काहीतरी."

माझ्या पदवीचा विषय निघाला की मला आधी हसू येतं. तीस वर्षांत तिचा उपयोग कुकरची शिटी दुरुस्त करण्यापलीकडे झालेला नाही. पण एक गोष्ट आठवली. मागे ह्यांनी टीव्हीसाठी हौसेने एक एक्स्टेंशन बोर्ड आणला होता. साधा नव्हे. त्यात एक लाल सॉकेट मुख्य. त्यातली वस्तू सुरू झाली, वीज खेचू लागली, की बोर्डाला ते आपोआप कळतं आणि बाकीची चार सॉकेटं तो सुरू करतो. मुख्य बंद, की चारही बंद. आणि बाजूला एक हिरवं, कायम चालू राहणारं. ह्यांनी तो दोन दिवस वापरला आणि रागावून कपाटात टाकला. माहितीपत्रक मात्र मी वाचलं होतं.

"त्यापेक्षा भिंतीतलाच एक खटका वर घेतला तर?" ह्यांनी आतून विचारलं.

"संगणकाची वीज अशी एकदम तोडायची नाही, बिघडतो, असं मुलाने बजावलंय," मावशी म्हणाल्या. "त्याचं बटण पुढे आहे, माझ्या हाताशी. बाकीच्यांचं काय ते बघा."

त्यांच्या घरी मी मशीनच्या मागे शिरले. संगणकाची पिन लाल सॉकेटात, बाकी चार पिना पुढच्या चारांत. धुळीने माखून बाहेर आले आणि ऐटीत म्हटलं, "दाबा."

मावशींनी दाबलं. आत कुठेतरी बारीक हिरवा ठिपका लागला. बस्स. पडदा काळा, पंखा गप्प. पुन्हा दाबलं. तेच. मी तीन वेळा आत-बाहेर केलं. बोर्डाच्या कडेला एक छोटा स्क्रू होता, किती वीज खेचली की जागं व्हायचं ते ठरवणारा. तो शेवटपर्यंत फिरवला. तरी नाही.

"बिघडलाय वाटतं," मी घाम पुसत म्हटलं. मावशी खुर्चीत बसल्या होत्या. त्यांनी काठीचं टोक त्या हिरव्या ठिपक्याकडे केलं.

"हा संगणकाचा डबा वीज किती खातो गं?"

"अगदी चिमणीएवढी."

"मग बोर्डाला कळणार कसं, हा उठलाय म्हणून? हा तुझ्यासारखा आहे. तू पहाटे उठतेस, पण भिंतीपलीकडे आम्हाला कधी पत्ता लागलाय? तुमचं घर उठलं हे आम्हाला कळतं ते तुझ्या नवऱ्याच्या शिंकांनी. लाल जागी शिंकणाऱ्याला बसव!"

खरंच की! सगळ्यांत जास्त वीज खेचतो तो पडदा. त्याला संगणकाकडून चित्र मिळालं की तो आपणहून जागा होतो. म्हणजे संगणक हिरव्या सॉकेटात, पडदा लाल सॉकेटात. पुन्हा आत शिरले, दोन पिना बदलल्या.

मावशींनी बटण दाबलं. चार-पाच सेकंद काहीच नाही. मग पडदा उजळला, खट् असा बारीक आवाज आला, आणि पंखा फिरला, पाटी लखलखली, नदीचं संगीत खोलीभर झालं. मी चक्क टाळ्या वाजवल्या. ह्यांना बोलावून आणलं. "शिंकणारा कोण म्हणे?" त्यांनी विचारलं, आणि नेमकी त्याच वेळी त्यांना शिंक आली. मावशी हसून हसून काठीवर रेलल्या.

शनिवारी संध्याकाळी परीक्षा. सूनबाई हाताची घडी घालून मशीनसमोर उभी. "आई, तुम्ही नाही. मी दाबते. तुम्ही आधीच काहीतरी करून ठेवलं असेल."

"दाब बाई, दाब."

तिने दाबलं. सगळं लागलं. बंद केलं. सगळं विझलं. असं चार वेळा. मग तिने मागे जाऊन बॅटरीने पाहिलं, एकही बटण वाकून लावावं लागत नाही याची खात्री केली, आणि बाहेर येऊन म्हणाली, "वाचनालयाला मी उद्या नाही म्हणून कळवते." एवढं बोलून तिने सहज म्हणून होडी हातात घेतली. पहिल्याच मगरीने तिला गिळलं.

"आई, ही मगर मध्येच कुठून आली?"

"ती पहिल्यापासून तिथेच आहे. तुला डावीकडे बघायची सवय नाही," मावशी समाधानाने म्हणाल्या. पुढचा पाऊण तास सून खेळली आणि सासू ओरडली. "अगं डावीकडे! डावीकडे म्हटलं की रुग्णालयात पण उजवीकडे सुई टोचतेस का?" मी हसत पायातल्या चपला शोधत होते, तेव्हा मावशींनी मला थांबवलं.

त्यांनी मशीन बंद केलं होतं. त्या वर, काळ्या पडलेल्या पाटीकडे बघत होत्या.

"काम छान झालंय. त्यात काही खोट नाही," त्या म्हणाल्या. "पण सगळं एकदम लागतं गं."

"फ्यूज नाही जायचा मावशी, एकच तर मशीन आहे."

"ते कळतं मला. तरी एक सांगू? वरची पाटी तेवढी त्या बोर्डातून काढ. तिला लांब वायर जोड आणि बटण इथे बाजूला लाव, माझ्या खांद्याच्या खाली, हात पोचेल असं. बाकी सगळं बोर्डाने लावावं. पाटी शेवटी मी लावीन."