कोऱ्या आभाळावरचा हात

शिळाछाप म्हटलं की लोकांना वाटतं, दगडावर अक्षरं कोरत असतील. छापखान्यातल्या दगडमावशीला शेजारणी विचारायच्या, "छिन्नी-हातोडा कुठे ठेवता हो?" ती हसायची. "कोरत काहीच नाहीत, बायांनो. दगडावर तेलकट खडूने चित्र काढतात. दगड ओला केला की शाई त्या तेलकट जागीच धरते, बाकी कोरं. आणि छापून झालं की मी ते घासून टाकते."

तीस वर्षं तिने तेच केलं. दगडावर दगड ठेवायचा, मध्ये वाळू आणि पाणी, आणि वरचा गोल गोल फिरवायचा. मग तळहात फिरवून बघायचं, सारखा झालाय का. नवरा लवकर गेला. तळहाताला भेगा पडल्या, पण मुलगी चित्रकला शिकली.

आज त्याच मुलीचं पहिलं चित्र दगडावर होतं. नदीकाठ, आणि वर मोठं मोकळं आभाळ. छाप स्वच्छ उतरली तर चित्रकाराची जागा तिची, नाहीतर दुसरा उमेदवार तयारच होता.

छापखान्याच्या मास्तरांनी डिंकात तेजाब कालवलं. ते एकदा फासलं की दगडावर असेल ते पक्कं. त्यांनी ब्रश उचलला आणि मावशीची नजर आपल्या तळहाताकडे गेली. सकाळी ती एकटीच इथे येऊन उभी राहिली होती, आणि सवयीने तिचा तळहात त्या आभाळावरून फिरला होता. त्याच सकाळी मुलीने तिच्या भेगांना तेलकट मलम चोळलं होतं.

दगडावर हाताची खूण दिसत नव्हती. शाई लागली की पाचही बोटं उमटणार होती. चित्राला हात लावणाऱ्याला इथे दुसऱ्या दिवशी काम नसे.

"थांबा मास्तर. माझा हात लागलाय. मलमाचा."

"आई! अगं, आजच?" बाजूला उभी मुलगी म्हणाली.

"तीस वर्षांची अक्कल कुठे ठेवलीत, मावशी?" मास्तर तडकले. "कुठे लागलाय ते तरी दाखवा."

तिने डोळे मिटले. सकाळचा हात हवेतच पुन्हा फिरवला. मग टाचा घासायच्या वजरीचा लहानसा तुकडा घेऊन, श्वास धरून, तेवढंच आभाळ घासलं. झाडांच्या शेंड्यांना धक्का लागू दिला नाही.

दुसऱ्या दिवशी पहिला कागद दगडावरून सोलून काढला. आभाळ कोरं होतं. करंगळीच्या जागी मात्र केसाएवढी राखाडी रेघ. मास्तर बराच वेळ भिंगातून बघत राहिले.

"पक्षी म्हणून खपेल," ते म्हणाले. "पन्नास प्रती काढा. पोरीला सोमवारपासून टेबल द्या. आणि मावशी, मलम रात्री लावत जा."

पन्नास झाल्या, आणि दगड नेहमीसारखा मागच्या मोरीपाशी आला. घासायला. मावशीने वाळू टाकली, पाणी ओतलं, आणि तिचा हात पुढे जाईना. आजवर किती जणांची चित्रं तिने पुसली होती, कधी दुसऱ्यांदा वळून बघितलं नव्हतं.

मुलगी बाह्या सारून समोर बसली. "सरक जरा. दोघी फिरवू. मला याच दगडावर दुसरं काढायचंय."

"भेगा पडतील हाताला."

"मलम आहे ना घरात," मुलगी म्हणाली, आणि वरच्या दगडाची कड धरून तिने पहिला फेरा घेतला.