मधल्या वहिनींचं अस्वल

मधल्या वहिनींनी मुलाने आणलेला नवाकोरा टीव्ही गॅलरीतून खाली टाकला, अशी बातमी परवाच्या मंगळवारी आमच्या इमारतीत पसरली. तळमजल्यावर पोचेपर्यंत तो टीव्ही कुणाच्या तरी स्कूटरवरही पडला होता. बातमीत माझा अजिबात हात नव्हता असं मी म्हणणार नाही, पण स्कूटर माझी नव्हे. ती दुसऱ्या मजल्यावर कुणीतरी जोडली. खरं इतकंच, की वहिनी मुलाला म्हणाल्या होत्या, "हा परत देऊन ये बाबा." भिंती पातळ आणि माझे कान तिखट, त्याला कोण काय करणार? टीव्ही भिंतीवर स्क्रूसकट शाबूत होता.

"मधल्या" हे नाव मीच ठेवलेलं. वहिनींचं घर कोपऱ्यात आहे, आणि त्या भावंडांत शेंडेफळ. मधलं आहे ते त्यांचं काम. हाताने काढलेल्या कार्टूनच्या सिनेमात पाय वर, पाय खाली अशी ठळक चित्रं मोठा चित्रकार काढतो. त्याचं नाव पडद्यावर मोठ्या अक्षरात येतं. त्या दोन चित्रांच्या मधली सगळी चित्रं वहिनींसारखी माणसं काढतात. त्यांचं नावही येतं, नाही असं नाही. लोक उठून दाराकडे चालायला लागले की येतं.

खालून दिवा लागणाऱ्या काचेच्या टेबलावर मान घालून वहिनींनी एकतीस वर्षं ही मधली चित्रं काढली. गेल्या महिन्यात निवृत्त झाल्या. स्टुडिओने भिंतीवरचं घड्याळ दिलं, डॉक्टरने डोळ्यांत घालायचे थेंब दिले, आणि मनगटाचा पट्टा त्यांनी स्वतःच विकत घेतला. आता भाजी चिरतानाही मधेच सुरी खाली ठेवून बोटं उघडमीट करत बसतात. मी म्हटलं, "वहिनी, आता आराम करा." तर म्हणाल्या, "आराम करायलाही अंगात जोर लागतो हो."

आणि यावर त्यांची थोरली जाऊ. बाई मनाने वाईट नाहीत, पण जिभेला हाड नाही. वहिनी कामावरून यायच्या तेव्हा एकत्र कुटुंब होतं. दारातच प्रश्न तयार असायचा, "बसून चित्रं तर काढायची, त्यात दमायचं काय मेलं?" वहिनी हात धुऊन पोळ्या लाटायला बसायच्या. दमलेल्या माणसाला भांडणही परवडत नाही.

तर झालं असं, की वहिनींचा एक जुना सिनेमा, जो थिएटरात दोन आठवडे टिकला आणि मग कुठे गडप झाला ते देवाला ठाऊक, तो परवा एका ॲपवर आला. त्यात एक हमाल अस्वल आहे. म्हातारं. पाठीवर ट्रंक घेऊन जिना चढतं. चाळीस सेकंद, बस. त्या चाळीस सेकंदांतली मधली चारशे चित्रं एकट्या वहिनींची. थोरल्या जाऊबाई शनिवारी मुक्कामाला यायच्या होत्या आणि रविवारी पाचच्या गाडीने परत जायच्या होत्या. जिन्यात पिशवी या हातातून त्या हातात घेत वहिनी मला म्हणाल्या, "मला काही नको. तेवढा जिना त्यांनी एकदा नीट बघावा."

यात "नीट" हा शब्द महत्त्वाचा, कारण नव्या टीव्हीवर तो जिना नीट दिसत नव्हता. अस्वल लिफ्टमधून गेल्यासारखं वर जात होतं.

मुलगा गुणी आहे. आईच्या निवृत्तीला म्हणून त्याने हौसेने तो टीव्ही आणला. पहिल्या दिवशी आईला समजावत होता (मी दारातच होतो), "आई, साधा टीव्ही सेकंदाला साठ वेळा चित्र ताजं करतो. हा एकशेवीस वेळा!"

"आणि सिनेमात चित्रं किती?"

"चोवीस."

"त्यातही आम्ही बाराच काढायचो, एकेक दोनदा दाखवायचो. मग एकशेवीस आणतो कुठून तो?"

"हीच तर गंमत! दोन चित्रांच्या मधली चित्रं तो स्वतः तयार करतो. आपोआप. म्हणून तर इतकं गुळगुळीत दिसतं."

वहिनींनी बोटांवर हिशेब केला. मग म्हणाल्या, "चोवीस पंचे वीसाशे. एकेक चित्र पाच-पाच वेळा दाखवलं असतं तरी भागलं असतं की रे. नवं काढायला कुणी सांगितलं त्याला?"

तेव्हाच ते "परत देऊन ये" झालं. मुलगा हिरमुसला. ते पाहून वहिनींनी लगेच शब्द मागे घेतला. पण बातमी तोवर तळमजल्याच्या वाटेला लागली होती.

मी नंतर विचारलं, "वहिनी, मधलं चित्र ते मधलं चित्र. तुम्ही काढा नाहीतर टीव्हीने काढू दे, फरक काय?" त्यांनी माझ्याकडे असं पाहिलं, की मी साखर मागायला आलो होतो तेही विसरलो. मग बसवून सांगितलं. मधलं चित्र बरोब्बर मध्ये काढलं तर अस्वलाचा फुगा होतो. पाठीवर ओझं असलं की पाय आधी हलतच नाही, म्हणून पहिली दोन-तीन चित्रं जवळजवळ सारखी काढायची. मग पाय एकदम सुटतो, आणि पायरीवर टेकला की सगळं अंग त्याच्यावर बसतं. टीव्हीला ओझं माहीत नाही. तो दोन्ही चित्रांचं अंतर मोजतो आणि मध्ये एक चिकटवतो. "मॅचला चालेल, बातम्यांना चालेल," वहिनी म्हणाल्या, "माझ्या अस्वलाला नाही चालत."

मग चार दुपारी रिमोट घेऊन एकट्या बसल्या. डोळ्यांतून पाणी गळतंय, पट्ट्यातला अंगठा बटणं दाबतोय. खिडकीतून पाहणाऱ्याला वाटलं वहिनी रडतायत. (तीही बातमी झाली, पण ती माझी, कबूल.) प्रत्येक कंपनी त्या सोयीला निराळं नाव देते, आणि यांच्या टीव्हीवरचं नाव टूथपेस्टला शोभलं असतं. शनिवारी दुपारी ते त्यांना सापडलं. बंद केलं. केबलवर कुठलासा जुना सिनेमा लागला होता, तो ठीक दिसला. वहिनी त्या दिवशी पहिल्यांदा दुपारच्या झोपल्या.

रविवारी तीन वाजता पान्हा परत द्यायचं निमित्त काढून मी त्यांच्याकडे गेलो. पान्हा माझाच होता, पण एवढं कोण बघतं? जाऊबाई सोफ्यावर, गुडघ्याखाली उशी. मुलाने ॲप उघडलं, सिनेमा लावला, सरकवत अस्वलापर्यंत आणला.

आणि अस्वल लिफ्टने वर गेलं.

या टीव्हीची खोड अशी, की केबलसाठी बंद केलेली गोष्ट ॲपला लागू होत नाही. तिथे ती वेगळी बंद करावी लागते. हे आम्हाला नंतर कळलं. तेव्हा कळलं ते एवढंच, की वहिनींचा चेहरा उतरला.

"छान आहे की," जाऊबाई म्हणाल्या. "लोण्यासारखं सरकतंय. हे कॉम्प्युटरनेच केलं असणार. हो ना गं?"

वहिनी भिंतीला टेकल्या. मी चेष्टेत हयात घालवलेला माणूस. मीही हातातला पान्हाच उलटसुलट करत राहिलो. शेवटी वहिनी म्हणाल्या, "असू दे. बंद कर रे. गाडीची वेळ होईल."

पण मुलगा तसाच उभा. कान लाल झालेले. एकशेवीसचं कौतुक चार दिवस त्यानेच घरभर मिरवलं होतं, आणि आता आईच्या चारशे चित्रांचं श्रेय कॉम्प्युटर घेऊन चालला होता.

"काकू, थांबा," तो म्हणाला. "आई, तू काय बंद केलं होतंस? कुठे होतं ते?"

"राहू दे रे."

"सांग ना."

"चित्र. मग प्रगत. मग खाली... ते टूथपेस्ट."

त्याने ते शून्यावर आणलं आणि अस्वल पुन्हा जिन्याच्या तळाशी नेऊन सोडलं.

काय सांगू? कागद तेच, शाई तीच. पण आता अस्वलाने पहिल्या पायरीवर पाय ठेवला आणि पायरी दबल्यासारखी वाटली. पाय उचलेना. मग उचलला. ट्रंक डावीकडे कलली, तिच्यामागून खांदा कलला. चौथ्या पायरीवर ते नुसतंच उभं राहिलं.

जाऊबाईंनी उशी बाजूला केली आणि स्वतःचा गुडघा चोळायला लागल्या. "अगं, याचा उजवा गुडघा दुखतोय," म्हणाल्या. "माझ्यासारखाच. उतरताना बघ, जास्त दुखेल त्याला."

वहिनींनी मान हलवली. डोळ्यांतून पाणी गळत होतं, पण ते थेंबांचं होतं, असं मी सगळीकडे सांगितलं आहे.

अस्वल वर पोचलं. चाळीस सेकंद संपले. पण जाऊबाई त्या जाऊबाईच. हार मानतील तर शपथ.

"किती दिवस लागले गं तुला याला?"

"अकरा आठवडे."

"अकरा आठवडे? एवढ्याशा जिन्याला?"

वहिनी मनगटाचा पट्टा सोडून ठेवत म्हणाल्या, "ते एकदाच चढलं, जाऊबाई. मी चारशे वेळा चढवलं त्याला. आज चहा तुम्ही टाका."