‘मॅडम’मधले दोन म

चितेगावकडे जाताना रस्त्यालगत त्याचं गॅरेज लागतं. एरवी तो रिक्षा, स्कूटर दुरुस्त करतो आणि वर्षातून एकदोनदा मोटारींच्या शर्यतीत गाडी पळवतो. बिघाड शब्दांत सांगितलेला त्याला चालत नाही. "काय झालं ते नका सांगू मॅडम, आवाज काढून दाखवा." त्यामुळे मी, कॉलेजात शिकवणारी बाई, भर रस्त्यात स्कूटरसारखी फुरफुरायची. मग तोच आवाज तो स्वतः ओठांनी हुबेहूब काढायचा आणि पाना उचलायचा.

मागच्या शर्यतीत त्याची गाडी उलटली. जबडा मोडला, ओठ फाटले. जबडा सांधला, टाके निघाले, पण ओठ मिटेनात. ‘मॅडम’मधले दोन्ही म गळून नुसतं ‘ॲड’ उरलं. डॉक्टरांनी ओठ मिटून फुंकायचा व्यायाम दिला, तर हा पठ्ठ्या तो गिऱ्हाइकांनाही सोबत करायला लावायचा. "एकट्याला लाज येती, ॲड!" आणि अर्ध्या तोंडानं हसायचा. आम्हीही बाकावर रांगेनं बसून फुर्र फुर्र करायचो.

परवा माझी स्कूटर चढावर अडखळायला लागली. मी आवाज काढून दाखवला. तो वैतागला.

"नाय, नाय!" म्हणत त्यानं ओठ आवळले. "ब्रर्रर्रर्र!"

माझ्या चष्म्यावर तुषार उडाले. गॅरेजातली खटखट थांबली. त्यानं ओठांना बोट लावून पाहिलं.

"चालू झालं, मॅडम! जरासं लीकेज हाय."

दोन्ही म जागेवर होते. घरी येईपर्यंत मी चष्मा पुसला नाही.