पेंटरचाचा आणि न पुसलेला गुलाबी

रंगाच्या बाबतीत अख्ख्या सेनगाव तालुक्यात शेवटचा शब्द एकाच माणसाचा, आणि तो माणूस माझ्या वडिलांचा मित्र आहे. आमच्या गोरेगावात सगळे त्यांना पेंटरचाचा म्हणतात. उभा जन्म त्यांनी दुकानांच्या पाट्या रंगवण्यात घालवला. लग्नाला गेले की नवरदेवाला सोडून मांडवाचं कापड निरखतात. "ह्यो चहा न्हाई, फिका बदामी हाय," असं म्हणून आईला कप परत दिलेला मी स्वतः पाहिलाय. दुसरी खोड 'काहून'ची, म्हणजे 'का' विचारण्याची. एका काहूनचं उत्तर द्यावं, तर त्याच उत्तरातून ते पुढचा काहून काढतात.

मी घरी बसून वेबसाइट बनवते हे कळल्यापासून ते रोज येऊ लागले. तेव्हा गावाच्या वेबसाइटचं काम चालू होतं. बाजारभावाला हिरवा, लग्नांना गुलाबी आणि वर तोरण, श्रद्धांजलीला राखाडी, हे सगळं त्यांनीच ठरवलं. ही वेबसाइट एकदाच उघडते, पुढे काही दाबलं की वरचा पत्ता आणि मधला मजकूर तेवढा बदलतो, असं मी त्यांना समजावलं.

"म्हंजे पाटी तीच, अक्षरं दुसरी?"

"व्हय, चाचा."

"मंग मागचा रंग कोण बदलतं?"

"माझा कोड. पत्ता पाहून."

"बराबर," ते म्हणाले, पण चेहरा काही बराबर नव्हता.

त्याच आठवड्यात आमचे शाळेचे गुरुजी वारले. चाचांच्या पाटीवर ऱ्हस्व-दीर्घ चुकलं की सायकल थांबवून ते सुधारायला लावणारा गावातला हा एकमेव माणूस. श्रद्धांजलीचं पान संध्याकाळपर्यंत हवं, म्हणजे लांबच्या नातेवाइकांना पाठवता येईल, असा गुरुजींच्या मुलाचा निरोप आला. मी पान केलं, पत्ता टाकून उघडलं, दोनदा रिफ्रेश केलं. छान राखाडी. आता पाठवणार, तेवढ्यात चाचांनी माउस हातात घेतला.

पत्ता टाइप करणं त्यांना जमत नाही. ते आपले पहिल्या पानावरून निघाले. हळद-सोयाबीनचे भाव वाचले, मग कुणाच्या तरी लग्नाच्या पानावर बराच वेळ रेंगाळले आणि तिथूनच त्यांनी 'श्रद्धांजली' दाबलं. गुरुजींचा फोटो उघडला. मागे भडक गुलाबी. वर तोरण.

मी माउस परत ओढला. घाईघाईनं रिफ्रेश केलं, तर पुन्हा राखाडी!

"हे काहून?"

"चाचा, जरा थांबा ना!"

ते कसले थांबतात! "पोरी, नवा रंग तू दिला. जुना काढला का?"

नव्हता काढला. पान उघडताना रंग चढवायचं मी लिहिलं होतं, सोडताना उतरवायचं विसरले होते. त्यामुळे दोन्ही रंगांच्या खुणा पानावर राहत आणि गुलाबी राखाडीवर मात करी. रिफ्रेश केलं की सगळंच नव्यानं मांडलं जाई, म्हणून मला एकटीला तपासताना ही चूक कधी दिसलीच नसती. पत्ता बदलला की आधी मागच्या पानाची खूण काढायची आणि मगच नवी लावायची, अशा चार ओळी लिहिल्या. चाचांनी प्रत्येक पानावरून प्रत्येक पानावर जाऊन पाहिलं, तेव्हा कुठे मला ते पाठवू दिलं. थोड्या वेळानं गुरुजींच्या मुलाचा फोन आला. "बाबा लय शांत दिसून राहिले फोटोत," तो म्हणाला. चाचा चपला घालून निघून गेले.

मागच्या हिवाळ्यात चाचांचं मोतीबिंदूचं ऑपरेशन झालं. डोळ्यावरची पट्टी निघाली तसे तडक माझ्याकडे आले. "पोरी, निळा असा असतो व्हय? मंग मी इतकी वर्षं लोकाच्या दुकानावर काय फासून राहिलो होतो?" दुसऱ्या दिवशी मला घेऊन ते जीपनं आपल्या जुन्या पाट्या बघायला निघाले. बहुतेक ठिकाणी आता फ्लेक्स लागलेत. पुसेगावात एका बंद शिलाई दुकानावर मात्र एक निळी पाटी उरली होती. चाचा तिच्याजवळ गेले. मग निळ्यावर तळवा ठेवून हळूच म्हणाले, "हात माझाच हाय. पर ही पाटी मी आज पयल्यांदा पाहून राहिलो."