पोच न दिलेला अर्ज

हे मी आजवर कुणालाच सांगितलेलं नाही. बायकोलाही नाही. आता का सांगतोय — ते मलाही नीट कळत नाही. थकलोय, एवढंच.

सत्तरचं दशक संपत आलेलं. वालीवच्या एका टॉर्चच्या कारखान्यात मी टपाल बघायचो. लग्न झालं की तिथं बायकांना कामावरून काढत. पुरुषांना नाही. भुईगावची फिलोमिना सहा वर्षं कामाला होती. लग्नाची रजा संपवून आली, तर तिला गेटवरच अडवलं. तिच्याआधीच्या बायका रडून घरी गेल्या होत्या. ही वकिलाकडे गेली.

वकिलाने सांगितलं तसं तिने सगळं रीतसर करायला घेतलं. आधी कामावर परत घ्या म्हणून कंपनीकडे लेखी अर्ज, त्याची पोच, मग मुदतीच्या आत पुढची दाद. अर्जाच्या दोन प्रती घेऊन ती गेटजवळच्या माझ्या टेबलाशी आली.

"भाऊ, ह्या दुसऱ्या कागदावर शिक्का मारून द्या. वकील बोलले, त्याबिगर पुढं काय होणार नाय."

शिक्का माझ्या खणातच होता. मी म्हटलं, "शिक्का साहेबांकडे आहे, उद्या या." आणि दोन्ही प्रती ठेवून घेतल्या. तिनेही दिल्या — विश्वासाने.

मला कुणी तसं करायला सांगितलं होतं का? नाही. तेच तर सांगतोय. मी आपणहून ते कागद मॅनेजरसाहेबांना नेऊन दिले. त्यांनी मला समोर बसवलं, चहा मागवला. कशासाठी केलं मी ते — त्या चहासाठी?

ती चारदा आली. चारही वेळा मी "उद्या" म्हटलं.

पुढे ठाण्याच्या कामगार कोर्टात कंपनी म्हणाली, बाई स्वतःहून काम सोडून गेल्या, अर्ज आलाच नाही. साक्षीदार मी. तिच्या वकिलाने विचारलं, "या बाई अर्ज घेऊन तुमच्याकडे आल्या होत्या?"

"नाही."

"एकदाही नाही?"

इथे तरी थांबता आलं असतं ना? — "एकदाही नाही," मी म्हणालो. शपथेवर.

बाहेर व्हरांड्यात ती माझ्यापाशी आली. वाटलं, शिव्या देईल. ती हळूच म्हणाली, "भाऊ, मी चारदा आलेले."

"हो," मी म्हणालो. तिथे लिहून घेणारं कुणी नव्हतं — म्हणून म्हणालो.

दावा फेटाळला गेला. ती कामावर परत आली नाही. मी तिथे असेपर्यंत दुसऱ्या कुठल्याच बाईने अर्ज दिला नाही.